मांत्रिकाचं शिकागो : ‘डेड बीट’ वाचण्यापूर्वी

शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत ‘मांत्रिक’ या सदराखाली एकच नाव सापडतं: हॅरी ड्रेस्डेन. शहराच्या मध्यवर्ती भागात त्याचं छोटंसं ऑफिस आहे. हरवलेल्या वस्तू शोधून देणं, पछाडलेल्या जागा तपासणं, अनाकलनीय खुनांत पोलिसांना सल्ला देणं ही त्याची कामं. वशीकरणाची गिऱ्हाइकं तो परत पाठवतो. ऑफिसचं भाडं बहुतेक वेळा थकलेलं असतं. राहायला एका जुन्या घराचं तळघर आहे. तिथे मेणबत्त्या, लाकडाची शेगडी आणि बर्फाची पेटी, कारण त्याच्या जवळपास विजेवर चालणारी कुठलीही नवी वस्तू फार दिवस टिकत नाही. अंघोळ बारा महिने थंड पाण्याची. गाडी म्हणजे निळ्या फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा, तोही दर महिन्या-दोन महिन्यांनी गॅरेजात.

जिम बुचर यांच्या ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ या मालिकेचा हा नायक. ‘डेड बीट’ हे तिचं सातवं पुस्तक, २००५मध्ये आलेलं. सातव्या पुस्तकाला प्रस्तावना कशाला, आणि मालिका पहिल्यापासून वाचायची सोडून मधल्याच पुस्तकाकडे बोट का दाखवायचं, या प्रश्नांची उत्तरं पुढे येतील. आधी थोडी कुळकथा.

बुचर यांचा जन्म १९७१चा, मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावचा. टॉल्किनच्या वळणाची महाकादंबरी लिहायची हे त्यांचं स्वप्न होतं. ओक्लाहोमा विद्यापीठात डेबोरा चेस्टर या लेखिकेच्या लेखनवर्गात ते दाखल झाले आणि बाईंचं तंत्र कसं कुचकामी आहे यावर त्यांच्याशी वाद घालत राहिले. शेवटी, बाई सांगतात ते सगळं तंतोतंत करून दाखवू म्हणजे त्यांनाच कळेल त्यातून किती ठोकळेबाज लिखाण निघतं, अशा ईर्ष्येने त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली. त्यातून ‘स्टॉर्म फ्रंट’ जन्माला आली. अनेक नकारांनंतर ती २०००च्या एप्रिलमध्ये छापून आली आणि मालिका सुरू झाली. सुरुवातीला कथा कॅन्सस सिटीत घडणार होती. पण मिझुरीतलंच सेंट लुईस शहर लॉरेल हॅमिल्टन यांनी आपल्या अनिता ब्लेक मालिकेसाठी १९९३पासून व्यापलेलं होतं. म्हणून ड्रेस्डेनचा मुक्काम शिकागोला हलला. या योगायोगाने मालिकेचं कोटकल्याण केलं असं माझं मत आहे, आणि ‘डेड बीट’ हा त्याचा सगळ्यात मोठा पुरावा.

अर्बन फॅन्टसी म्हणतात तो प्रकार तेव्हा नवा नव्हता. एमा बुल यांनी १९८७मध्ये ‘वॉर फॉर द ओक्स’मधून मिनिआपोलिसच्या रस्त्यांवर पऱ्यांचं युद्ध आणलं होतं. नील गेमन यांनी १९९६मध्ये ‘नेव्हरव्हेअर’मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेखाली दुसरं लंडन वसवलं. बुचर यांनी या प्रवाहात खाजगी गुप्तहेराची जुनी अमेरिकन कथा मिसळली. फाटका खिसा, फुटकं नशीब, सभ्य हट्ट आणि स्वतःच्या तोंडून सांगितलेली हकिगत, हे सगळं तिथलं. फरक एवढाच की याच्या हातात पिस्तुलाबरोबर मंतरलेला दंडही असतो.

मराठी वाचकाला मालिका नवीन नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडने आपल्या आजोबांच्या पिढीला रात्र-रात्र जागवलं. नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथा तर ड्रेस्डेनच्या थेट नात्यातल्या: अमानवी शक्ती माणसांच्या जगात घुसते आणि ज्ञानी पुरुष तिला परतवतो. पण धारपांचे समर्थ शांत आहेत. ते आले की वाचकाला हायसं वाटतं. ड्रेस्डेन आला की काळजी वाटते. तो चुकतो, भाजतो, हाडं मोडून घेतो आणि पुढच्या पुस्तकात ती दुखणी घेऊनच येतो. ‘ब्लड राइट्स’ या सहाव्या पुस्तकात त्याचा डावा हात होरपळला; ‘डेड बीट’भर तो हात हातमोज्यात आहे, जवळजवळ निकामी. मालिकेतला काळ खरोखरच पुढे सरकतो, आणि दीर्घ मालिका वाचण्याचं माझ्या लेखी हेच मोठं सुख आहे. पात्रं म्हातारी होतात, कर्जं साठत जातात, शब्द दिला तर तो चार पुस्तकांनंतर वसूल होतो.

ड्रेस्डेनच्या जगाचं दुसरं बळ त्याच्या नियमांत आहे. तिथल्या जादूला हिशेब असतो. घराला उंबरठा असतो आणि त्याचं बळ आत किती मनापासून संसार झाला आहे त्यावर ठरतं. आमंत्रणाशिवाय आत शिरणाऱ्या अमानवी प्राण्याची शक्ती त्या उंबरठ्यापाशी गळून पडते. कुणाचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून ऐकलं तर त्याच्यावर ताबा मिळू शकतो. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही, पण खऱ्याला पीळ मात्र हवा तेवढा देता येतो. आणि सगळ्या मांत्रिकांवर व्हाइट कौन्सिल नावाच्या मंडळाचे सात कायदे आहेत. जादूने माणूस मारायचा नाही हा पहिला. जीवनाच्या सीमेपलीकडे हात घालायचा नाही हा पाचवा. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा एकच: शिरच्छेद. तो करणारे राखाडी झग्यातले वॉर्डन ड्रेस्डेनवर लहानपणापासून पाळत ठेवून आहेत, कारण सोळाव्या वर्षी जीव वाचवण्यासाठी त्याने आपल्याच गुरूला जादूने मारलं होतं.

‘डेड बीट’ची कथा याच पाचव्या कायद्याभोवती फिरते. हॅलोवीनला तीन दिवस उरले आहेत. माव्हरा नावाची रक्तपिपासू बाई ड्रेस्डेनला पेचात पकडते: पोलिस अधिकारी कॅरिन मर्फी हिला आयुष्यातून उठवू शकतील असे फोटो तिच्याकडे आहेत, आणि ते दडपायचे तर केमलर नावाच्या मेलेल्या महामांत्रिकाचा ग्रंथ तीन दिवसांत आणून द्यायचा. मर्फी सुट्टीवर हवाईला निघाली आहे. तिला यातलं काही माहीत नाही आणि सांगायचीही सोय नाही. त्याच ग्रंथासाठी केमलरचे शिष्य शिकागोत उतरलेत. ग्रेव्हेन, काउल, कॉर्प्सटेकर, तिघंही प्रेतं उठवण्यात पारंगत आणि तिघंही एकमेकांचे वैरी. हॅलोवीनच्या रात्री मोठा विधी करायचा, त्यात असंख्य मृतांची शक्ती गिळायची आणि देवाच्या तोडीचं व्हायचं, असा त्यांचा बेत. त्या विधीसाठी एर्लकिंग लागतो, म्हणजे वन्य शिकारीचा सरदार. युरोपभर ही दंतकथा आहे: काळ्याकुट्ट रात्री आकाशातून घोडे, कुत्री आणि भुतांचा लोंढा जातो, वाटेत सापडेल तो एक तर शिकार होतो किंवा शिकारी. कोकणात वेताळाची पालखी निघाली की घराबाहेर पडायचं नाही असं ज्यांनी लहानपणी ऐकलं आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता सू. कादंबरीतल्या सगळ्या पात्रांत ही एकटीच खरीखुरी आहे. १९९०च्या ऑगस्टमध्ये साउथ डकोटामधल्या शायेन रिव्हर या मूलनिवासी राखीव प्रदेशात सू हेन्ड्रिक्सन या संशोधिकेला कड्यातून डोकावणारी हाडं दिसली. ती टायरनोसॉरस रेक्सची होती, सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची, तोवर सापडलेल्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत पूर्ण. शोधणारीचं नाव डायनोसॉरला मिळालं. ती मादी होती की नर हे मात्र आजही ठरलेलं नाही. मग मालकीचा झगडा पेटला. खणून काढणाऱ्या संस्थेने जमीनमालकाला ५,००० डॉलर दिले होते; पण जमीन केंद्र सरकारच्या विश्वस्ततेखाली असल्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय तो व्यवहारच वैध नव्हता. १९९२मध्ये एफबीआयने हाडं जप्त केली. कज्जा निकालात निघाल्यावर ऑक्टोबर १९९७मध्ये न्यूयॉर्कला सदबीजमध्ये लिलाव झाला आणि मॅकडोनाल्ड्स, डिस्ने वगैरेंच्या पाठबळावर शिकागोच्या फील्ड म्युझियमने ८३ लाख ६० हजार डॉलरला सू घरी आणली. १७ मे २००० रोजी म्युझियमच्या भव्य दालनात ती उभी राहिली. १२ मीटरहून अधिक लांब. खरी कवटी इतकी जड, सुमारे २७० किलो, की सांगाड्यावर तिची प्रतिकृती बसवून मूळ कवटी वरच्या सज्जात वेगळी ठेवावी लागली.

ड्रेस्डेनचं पहिलं पुस्तक एप्रिल २०००मध्ये आणि सू मे २०००मध्ये. दोघं एकाच वसंतात शिकागोत आले. लेखकाने पाच वर्षांनी त्यांची गाठ घालून दिली.

इथे एक सूचना. कथेतलं सर्वांत मोठं आश्चर्य अबाधित हवं असेल, तर पुढचे दोन परिच्छेद कादंबरी संपल्यावर वाचावेत. ते फोडल्याशिवाय मात्र या पुस्तकाचं कौशल्य सांगता येत नाही, आणि या पुस्तकाचे वाचक बहुतेक वेळा कानावर आलेल्या त्याच एका प्रसंगापायी त्याच्याकडे वळतात.

बुचर तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी, जाता जाता सांगून ठेवतात. एक: प्रेत जितकं जुनं, तितकं उठवायला कठीण आणि उठलं तर तितकं बलाढ्य. दोन: उठलेल्या प्रेताला ठोका लागतो. त्याचं हृदय बंद पडलेलं असतं, म्हणून मांत्रिकाबरोबर कुणीतरी सतत ढोल वाजवत राहावं लागतं. तो ठोका थांबला की प्रेत मालकाच्या हातून सुटतं. ग्रेव्हेनबरोबर असा ढोलवाला असतो आणि तो कशासाठी आहे हे वाचकाला आधी कळत नाही. तीन: पाचवा कायदा माणसांच्या प्रेतांबद्दल आहे. जनावरांबद्दल त्यात चकार शब्द नाही. वाचताना ही तिन्ही वाक्यं माहितीसारखी येतात आणि निघून जातात. मग हॅलोवीनची रात्र येते. शहरभर वीज गेलेली, रस्त्यांवर प्रेतं उतरलेली, वॉर्डन मूठभर, आणि ड्रेस्डेन फील्ड म्युझियमच्या अंधारात, ६ कोटी ७० लाख वर्षांच्या हाडांसमोर उभा.

सू उठते. शिकागोच्या रस्त्यांवरून टायरनोसॉरस धावत सुटतो, पाठीवर मांत्रिक आणि त्याच्यामागे ढोल बडवणारा एक भेदरलेला डॉक्टर. नुसतं सांगितलं तर पोरखेळ वाटेल. वाचताना वाटत नाही, कारण त्या क्षणापर्यंतची प्रत्येक पायरी नियमाने बांधलेली असते. जादूत काहीही होऊ शकतं असं गृहीत धरलं की आश्चर्य मरतं. इथे काय काय होऊ शकत नाही हे सहा पुस्तकं पक्कं करून ठेवलं आहे, म्हणून त्या कुंपणातली एवढीशी फट दिसली की वाचकाच्या अंगावर काटा येतो. कायद्याचा शब्द न मोडता ड्रेस्डेनने केवढी मोठी पळवाट काढली! आणि शिकागो नसतं तर सू नसती, सू नसती तर पळवाट नसती. कथा शहरातून उगवली म्हणतात ती अशी. रस्त्यांची नावं पेरून शहर कथेत येत नाही.

पण मला या पुस्तकातलं सर्वांत प्रिय पात्र सू नाही आणि ड्रेस्डेनही नाही. तो ढोलवाला डॉक्टर, वॉल्डो बटर्स. शवविच्छेदन करणारा, बुटका, चष्मिस, पोल्काच्या संगीतावर जीव टाकणारा. पोल्का ही शिकागोची स्वतःची चीज आहे. पोलंड आणि बोहेमियातून आलेल्या कामगारांनी ती इथे रुजवली आणि तिची शिकागो धाटणीही घडली. बटर्सचं एक जुनं दुखणं आहे. एकदा आगीत जळालेल्या प्रेतांचं त्याने विच्छेदन केलं, आणि ही माणसांसारखी आहेत पण माणसांची नाहीत, असं जे दिसलं ते अहवालात लिहिलं. बक्षीस म्हणून नव्वद दिवस मनोरुग्णालयात निरीक्षणाखाली राहावं लागलं. नोकरी टिकवण्यासाठी कोर्टकज्जाची तयारी दाखवावी लागली आणि वाट्याला रात्रपाळी आली. खरं लिहिल्याची ही किंमत मोजल्यावर माणूस दबून जातो. ‘डेड बीट’च्या सुरुवातीचा बटर्स तसाच आहे: घाबरतो, गोठतो, पळताना पाय लटपटतात, आणि आपण भित्रे आहोत याची त्याला लाज वाटते.

तरी त्याची जिज्ञासा मेलेली नाही. ड्रेस्डेनचे जुने-नवे एक्स-रे समोर ठेवून तो एक गोष्ट ताडतो: सामान्य माणसाचं मोडलेलं हाड जुळलं तरी खूण राहते, याच्या हाडांवरची खूण काळाबरोबर पुसली जाते आहे. मांत्रिक शेकडो वर्षं कसे जगतात याचं उत्तर कौन्सिलमधल्या एकाही पंडिताला देता आलं नव्हतं. ते शवागारातला हा भित्रा डॉक्टर रात्रपाळीत देतो, आणि होरपळलेला हात कधीतरी बरा होईल अशी पहिली आशाही तोच देतो. मंत्रविद्येच्या कथेत वैद्यकशास्त्राला एवढा मान मी फार क्वचित पाहिला आहे. हा माणूस पुढे त्या ढोलापर्यंत कसा पोचतो, हीच माझ्या मते कादंबरीची खरी कथा आहे. धैर्य म्हणजे काय यावर बुचर व्याख्यान देत नाहीत. ते बटर्सला एकेका दाराशी उभं करतात आणि तो आत जातो की नाही ते दाखवतात.

खलपात्रांतली एक बाई अशीच मनात घर करते. काउलची शिष्या कुमोरी. एका गोळीबारात जखमी झालेला तरुण रस्त्यावर मरायला टेकला असताना ती येते आणि निषिद्ध विद्येच्या बळावर त्याचा प्राण देहातून जाऊ देत नाही, तो दवाखान्यात पोचेपर्यंत. रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्याच्या तोंडून ही हकिगत ड्रेस्डेनला कळते आणि त्याची पंचाईत होते. ज्या विद्येसाठी मान उडवली जाते, तिने एक जीव वाचवला. मृत्यूच संपवायचा आहे, असं कुमोरीचं म्हणणं आहे. तिला ठाम उत्तर ड्रेस्डेनला देता येत नाही आणि लेखकही घाईने देत नाही. करमणुकीच्या पुस्तकात असा प्रश्न उघडा ठेवायला धाडस लागतं.

मालिकेचा सांधा इथेच बदलतो, आणि म्हणून मी या पुस्तकाकडे बोट दाखवतो आहे. याआधीची पुस्तकं बरीचशी एकेका प्रकरणाची, सुटी वाचता येण्याजोगी. इथे मांत्रिकांचं रक्तपिपासूंशी चाललेलं युद्ध दाराशी येतं, वॉर्डन मोठ्या संख्येने मारले जातात, आणि उरलेल्यांची प्रमुख लुचिओ तोच राखाडी झगा ड्रेस्डेनपुढे धरते. ज्यांची तलवार वर्षानुवर्षं त्याच्या मानेवर होती, त्यांच्यातलाच एक त्याने व्हायचं. तो झगा घेताना त्याच्या मनात काय चाललं आहे ते वाचकाने स्वतःच वाचावं. एवढं सांगतो की यानंतर त्याला फक्त स्वतःच्या तत्त्वांपुरतं जगणं परवडत नाही. २०१०च्या ‘चेंजेस’मधला उत्पात असो की २०२०मधल्या ‘बॅटल ग्राउंड’मध्ये अख्ख्या शिकागोवर कोसळलेलं युद्ध असो, त्यांची मुळं या झग्यापर्यंत येऊन पोचतात.

दोष आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ड्रेस्डेनची स्त्रियांकडे पाहण्याची नजर पोरवयीन आहे. कुठलीही बाई खोलीत आली की आधी तिच्या रूपाचं वर्णन होतं, मग ती बोलते. पुस्तकागणिक हे कमी होत जातं, पण इथे पुरेसं आहे आणि खुपतं. मर्फीसारखं दमदार पात्र सुट्टीवर पाठवल्यामुळे कथेला तिची उणीव भासते. तीन-तीन मांत्रिक आणि त्यांचे साथीदार यांच्या गर्दीत पहिल्या शंभर पानांत कोण कुणाचा वैरी याचा गोंधळ उडतो. तिथे जरा नेट धरावा लागतो. बुचर शिकागोत कधी राहिले नव्हते आणि तिथल्या वाचकांनी त्यांच्या भूगोलातल्या चुका वेळोवेळी दाखवल्या आहेत.

पुस्तकांच्या दुकानात ड्रेस्डेनला एक मदतनीस भेटते. तिच्यावर लक्ष असू द्या. ते गुपित मी फोडणार नाही.

मालिकेची कीर्ती वाढल्याची एक खूण म्हणजे कठीण बांधणीत पहिल्यांदा छापलेलं हेच पुस्तक. आधीची सहा थेट स्वस्त आवृत्तीत आली होती. २००७मध्ये या पुस्तकमालिकेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली, पण बारा भागांत आटोपली. २०१४नंतर वाचकांनी सहा वर्षं वाट पाहिली आणि २०२०मध्ये दोन पुस्तकं लागोपाठ आली. अठरावं, ‘ट्वेल्व्ह मंथ्स’, जानेवारी २०२६चं. वीस-बावीस प्रकरणकथा आणि शेवटी तीन खंडांचा महासंग्राम असा बुचर यांचा आराखडा आहे, म्हणजे ड्रेस्डेनचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

पहिली दोन पुस्तकं हात बसण्याआधीची आहेत. त्यांनी सुरुवात करून कंटाळलेले आणि मालिका सोडून दिलेले वाचक मला ठाऊक आहेत. तुम्ही तसं करू नका. ‘डेड बीट’ने सुरुवात करा. जुने संदर्भ लेखक वाटेत पुरवतो, आणि एखादा निसटला तरी कथा अडत नाही. आवडली तर मागे जाऊन तिसऱ्या, ‘ग्रेव्ह पेरिल’पासून क्रमाने सगळी वाचा. आणि कधी शिकागोला गेलात तर फील्ड म्युझियम चुकवू नका. सू आता खालच्या मोठ्या दालनात नाही. २०१८पासून तिला वरच्या मजल्यावर स्वतःचं दालन मिळालं आहे.